ती धून पारंपरिक नव्हती

तुम्हाला म्हणून सांगतो — ही गोष्ट माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. माझ्या बायकोला ती कळली, पण मी सांगितली म्हणून नव्हे. माझे गुरू ती न कळताच गेले. आणि ज्याला सांगायला हवी होती, त्याच्यासमोर मी बसलो, इकडचं तिकडचं बोललो आणि उठून आलो.

सुरुवात कुठून करावी तेच ठरत नाही. बोलायला लागलं की मी कौतुकाच्या भागापाशी जाऊन थांबतो, कारण तिथे बोलणं सोपं आहे. तर तिथूनच सुरू करतो. मी लांबचा रस्ता घेतोय हे तुमच्या लक्षात येईलच.

मी व्हायोलिन वाजवायचो. सिनेमाच्या स्टुडिओत, तिसऱ्या-चौथ्या रांगेत. पडद्यावर नायिका रडते तेव्हा मागे जी वीस व्हायोलिनं वाजतात, त्यातलं एक माझं. नाव कुठे येत नसे, येण्याचं कारणही नव्हतं. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी एक रचना लिहिली — वाद्यवृंदासाठी, बावीस मिनिटांची. एक साधी धून घ्यायची आणि तीच नऊ वेगवेगळ्या रूपांत फिरवायची. कधी बासरीवर एकटी, कधी सगळ्या तारवाद्यांवर पसरलेली, कधी उलटी, कधी इतकी संथ की ओळखूही येऊ नये. पाश्चात्त्य संगीतात ही जुनी पद्धत आहे. माझ्या रचनेचं नाव होतं ‘खाडी’. ती मुंबईत वाजली, नंतर रेडिओवर वाजली, पुन्हा पुन्हा वाजली. तिच्यामुळे मला थोडं नाव मिळालं. आयुष्यभरात जे काय मिळालं ते तिच्यामुळेच.

त्या रचनेतली धून माझी नव्हती. पण तेवढंच असतं तर त्यात लपवण्यासारखं काय होतं?

आम्ही तेव्हा नुकतेच वाशीला राहायला गेलो होतो. गिरगावातले नातेवाईक विचारायचे, तिकडे माणसं तरी आहेत का रे? मी हसून म्हणायचो, डास आहेत. माणसं होती — आमच्या कितीतरी आधीपासून होती. त्यांच्याच शेतांवर आणि मिठागरांवर भराव टाकून आमच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. हे मला माहीत होतं, पण माहीत असून ते कधी मनाला लागलं नव्हतं. माझी बायको मालती तळवलीच्या शाळेत शिक्षिका होती. ठाणे-बेलापूर रस्त्याने बसने जायची, कारखान्यांचा वास पदरात घेऊन परत यायची. तिच्या चौथीच्या वर्गात सुमन नावाची मुलगी होती. सुमनच्या वडिलांनी बाईंना घरच्या लग्नाचं बोलावणं केलं. सुमनच्या थोरल्या बहिणीचं, यमुनेचं लग्न होतं. बाईंबरोबर बाईंचे मिस्टरही गेले.

सुमनचे वडील म्हणजे हसुराम. तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेर असावेत. अंगाने वाळके, दात पुढे आलेले, बोलताना समोरच्याकडे न बघता जमिनीकडे बघायची सवय. मिठागरात उमर गेली. मिठागर गेलं तेव्हा एका केमिकलच्या कारखान्यात माल उतरवायच्या कामाला लागले. आणि लग्नाच्या दिवसांत घणसोलीच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वाजवायला कोणी शिकवलं नव्हतं. ऐकून ऐकून बसवलं, असं म्हणायचे.

त्या दिवशी बँड सिनेमातलीच गाणी वाजवत होता. मला त्या गाण्यांचा कंटाळा होता, कारण त्यातली अर्धी मीच कुठेतरी मागे बसून वाजवलेली. दुपारी चारच्या सुमाराला मुलगी निघाली. बायका रडायला लागल्या. बँडवाले थांबले. आणि नवरीच्या बापाने, अंगात नवा सदरा असताना, बँडवाल्याच्या हातातलं क्लॅरिनेट घेतलं आणि वाजवायला लागला.

मी काय ऐकलं ते तुम्हाला कसं सांगू? ती धून खालच्या पंचमापासून निघाली, दोन पायऱ्या चढली आणि मधल्या सा-पर्यंत पोचता पोचता, त्याला न शिवता मागे वळली. कोमल निषादावर थोडी थांबली. मग खाली. आणि मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा — ती एक आवर्तन आधी संपली. आठ आवर्तनांत पुरी व्हावी अशी चाल, ती सातातच मिटली. जणू माणूस बोलता बोलता गप्प झाला. वीस वर्षं मी वाजवत होतो, पण असं काही मला सुचलं नव्हतं. ते सुचण्यासारखंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी तळवलीला गेलो. त्याच्या पुढच्याही. सलग चार रविवार गेलो. ओट्यावर आम्ही दोघं बसायचो, समोर अंगणात जवळा वाळत घातलेला असायचा. हसुरामदादा वाजवायचे, मी कागदावर उतरवून घ्यायचो. मी विचारलं, ही कुठली धून? ते म्हणाले, “माजी हाय. यमुनेच्या लग्नासाठी बसवली. तीन महिने लागले.” मी त्या सातव्या आवर्तनाबद्दल विचारलं तर ते हसले, आणि हसताना तोंडावर हात धरला. “तितं माजा दम सरला व्हता पैल्यांदा. म्हटलं, पुढं वाजवू का नको? मंग तसंच ठेवलं. बरं वाटलं कानाला.”

हे मी मुद्दाम सांगतोय. ती धून त्यांचीच आहे की नाही याबद्दल मला कधी शंका होती, असं तुम्ही समजू नये. शंका नव्हती. ती कशी झाली, कुठे अडली, कुठे दम सरला हे मला जगात सगळ्यात नीट माहीत होतं. त्यांच्याखालोखाल मलाच.

मी लिहिलेला कागद त्यांना दाखवला. पाच रेघांवरचे ते काळे ठिपके त्यांनी बराच वेळ निरखले. मग विचारलं, “ह्याच्यात यमुना कंची?” मी धून मागे वळते ती जागा बोटाने दाखवली. त्यांनी मान डोलावली. “तितंच ती अंगनातून वलून बगते,” म्हणाले.

मी सांगितलं, यावर मी मोठी रचना करणार, चाळीस वादक वाजवतील. त्यांना आनंद झाला. आनंद झाला की ते पाय हलवत बसायचे. म्हणाले, “वाजवा की. निस्तं माजं नाव सांगा म्हंजे झालं. हसुराम वाजंत्री म्हनू नका. हसुराम जोमा सांगा. बापाचं नाव पन येऊ द्या.” मी म्हणालो, सांगणारच. ते काय सांगायला हवं?

आठ महिने मी त्या रचनेवर काम केलं. जीव ओतून केलं, हे खोटं नाही. स्टुडिओतून यायचो, जेवण होईपर्यंत टेबलाशी बसायचो. मालती म्हणायची, तुमच्या बोटांना शाईचा वास येतो. रचना पुरी झाली तेव्हा मी ती मेंडिस सरांकडे नेली.

मेंडिस सर गोव्याचे. मला नोटेशन त्यांनी शिकवलं, हार्मनी त्यांनी शिकवली, व्हायोलिनचा बो धरायला त्यांनीच शिकवलं. स्टुडिओतल्या आम्हा वादकांचा एक हौशी वाद्यवृंद त्यांनी बांधला होता. रविवारी सकाळी धोबीतलावच्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम चालायची. शिकवताना त्यांनी मला एक गोष्ट दहा वेळा तरी सांगितली असेल — दुसऱ्याची थीम घेतलीस तर त्याचं नाव वरती, तुझं नाव खालती. मोठमोठ्या लोकांनी असंच केलंय, त्यात कोणी लहान नाय झाला. म्हणजे मला रीत माहीत नव्हती, असंही मला म्हणता येत नाही.

सगळ्या वाद्यांचे स्वर एकाखाली एक लिहिलेला तो स्कोअर सरांनी उघडला. पानं उलटत उभ्यानेच वाचला. अर्धा-पाऊण तास गेला असेल. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. शेवटचं पान मिटून ते पुन्हा पहिल्या पानावर आले, आणि त्या धुनेवर बोट ठेवून म्हणाले, “मधू, काम चांगला केला तू. खूप शिकला. पन हा जो ट्यून आहे ना — हा शिकून येत नाय. सगळ्यात बेस्ट हाच आहे. बाकी सगळा त्याच्या मागून चालतो. कोनाचा आहे हा?”

इथे मला थोडं थांबू द्या.

आठ महिने. नऊ रूपं, चाळीस वाद्यं, दोनशे पानं. आणि माझ्या गुरूने बोट ठेवलं ते नेमकं त्या सात आवर्तनांवर, जी माझी नव्हती. जी एका माल उतरवणाऱ्या माणसाने ओट्यावर बसून, दम सरेपर्यंत वाजवून बसवली होती. मला वाईट वाटलं? नाही — मला राग आला. हसुरामदादांचा राग आला. त्यांनी माझं काय बिघडवलं होतं? काहीही नाही.

“कोणाची नाही, सर,” मी म्हणालो. “लोकांची आहे. पारंपरिक. तिकडे खाडीकाठच्या गावांत पूर्वीपासून गातात.”

सरांनी मान हलवली. “हां. असं हजार मानसं मिळून करतात तेव्हाच होतं,” म्हणाले, आणि पेन्सिलीने स्वतःच्या हाताने पहिल्या पानावर तसं लिहिलं.

मला कधी कधी वाटतं, त्यापेक्षा ती मी स्वतःची म्हणून खपवली असती तर बरं झालं असतं. ती सरळ चोरी झाली असती. चोराला निदान आपण घेतलंय हे ठाऊक असतं, आणि ज्याचं गेलं तो बोंब मारू शकतो. पण तेवढी हिंमतही माझ्यात नव्हती. मी ती धून घेतली नाही. मी फक्त ती कोणाचीच नाही असं करून टाकलं. ती त्यांची नाही ना, मग माझ्या आठ महिन्यांपुढे तिची बरोबरी कशी होणार? हजार माणसांचा हेवा वाटत नाही. हेवा एकाच माणसाचा वाटतो.

कार्यक्रमाच्या पत्रिकेवरचा मजकूर मीच लिहिला. ‘खाडीकाठच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या कन्येच्या पाठवणीला गायली जाणारी एक अनाम धून’ — हे शब्द माझे आहेत. अनाम हा शब्द मला फार आवडला होता. एका वर्तमानपत्राने त्या सातव्या आवर्तनाबद्दल खास लिहिलं. अशी असमान घडण अतिप्राचीन लोकसंगीतातच सापडते, असं त्या टीकाकाराचं मत होतं. मी ते कात्रण कापून ठेवलं.

हसुरामदादांना मी कार्यक्रमाला बोलावलं नाही. पास कमी होते, असं मालतीला सांगितलं. पास शिल्लक होते.

नंतर महिन्याभराने ते मला वाशीच्या मासळी बाजारात भेटले. हातात पिशवी, कारखान्यातून परस्पर आलेले. त्यांनी एकच विचारलं, “नाव सांगितलंत ना, भाऊ?” मी म्हणालो, हो. “बापाचं पन?” मी म्हणालो, हो, दोन्ही. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गर्दीत मिसळले. मला ते अजून दिसतात, पाठमोरे.

मग ती रचना रेडिओवर लागली. गावात कोणी ऐकेल असं मला वाटलं नव्हतं. का वाटलं नव्हतं? ज्यांची शेतं गेली त्यांच्या घरी ट्रान्झिस्टर आलेले मी स्वतः पाहिले होते. पण माझं संगीत ती माणसं ऐकणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. लोकांनी ऐकलं. निवेदिका काय म्हणाली तेही ऐकलं. इकडे मालती शाळेत सगळ्यांना अभिमानाने सांगत होती की आमच्या ह्यांनी तुमच्याच भागातलं जुनं गाणं शोधून काढलं.

पुढच्या मोसमात एका लग्नात हसुरामदादांनी ती धून वाजवली आणि नेहमीप्रमाणे म्हणाले की ही मी बसवलीय. त्यावर कोणीतरी हसलं. ही तर रेडिओवर लागते, जुनी आहे, तुझी कशी? आपला माणूस खोटं बोलला असं वाटून बँडच्या मास्तरला ते झोंबलं. मांडवात वादावादी झाली. पोरं त्यांना ‘रेडिओवाला’ म्हणून हाका मारायला लागली. हे सगळं मला नंतर समजलं. त्या दिवशी मला इतकंच कळलं की दार वाजलं आणि दारात चौघं उभे आहेत — हसुरामदादा, त्यांचा बँडमास्तर, आणि गावातले दोघं.

रविवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. चौघांनी चपला दाराबाहेर नीट ओळीने काढून ठेवल्या. मास्तर सोफ्याच्या कडेवर बसला, दोघं खुर्च्यांवर, हसुरामदादा जमिनीवर. मी वर बसा म्हटलं, ते बसले नाहीत. ते खुशीत होते. पाय हलवत होते. त्यांच्या दृष्टीने भांडण मिटल्यातच जमा होतं.

“भाऊ,” ते म्हणाले, “ह्यांना सांगा जरा. ती धून कोनाची?”

लक्षात घ्या, त्या खोलीत कोणी मोठा माणूस नव्हता. वार्ताहर नव्हता, रेडिओवरचा कोणी नव्हता, मेंडिस सर नव्हते. चार माणसं होती, आणि त्यांतल्या कोणाचंही धोबीतलावच्या त्या हॉलशी काही देणंघेणं नव्हतं. मी खरं बोललो असतो तर माझं काय गेलं असतं? पण तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो — ही गोष्ट फिरत फिरत सरांच्या कानावर गेली तर? आपण त्यांच्याशी खोटं बोललो हे त्यांना कळलं तर? इतकंच. एवढ्याशा भीतीसाठी.

मी शांतपणे बोललो. समजावणीच्या सुरात. तो सूर माझ्याच कानाला गोड लागला होता, हे मी अजून विसरलेलो नाही. मी म्हणालो, हे बघा, हसुरामदादा वाजवतात सुंदरच, त्यांच्याकडूनच मी ती ऐकली. पण लोकसंगीतात असं असतं की एखादी चाल आपल्या कानावर लहानपणी पडलेली असते. आपल्याला ते आठवत नाही. पुढे ती आतून वर येते आणि आपल्याला वाटतं, आपल्यालाच सुचली. यात खोटेपणा नाही. यांच्या आईने अंगाई म्हणून गायली असेल, यांच्या कानात राहिली.

मास्तर हसुरामदादांकडे बघत होता. त्यांचे पाय थांबले होते.

“आय माजी मुकी व्हती, सायेब,” ते म्हणाले.

भाऊ म्हणायचे ते मला. तेव्हा साहेब म्हणाले.

आता तरी — नाही का? एवढं ऐकल्यावर तरी माणसाने थांबावं. मी थांबलो नाही. मी म्हणालो, “मग मावशी असेल, आत्या असेल. शेजारपाजारचं कोणी असेल.”

मी हे माझ्या तोंडाने बोललो. मला कोणी भाग पाडलं नव्हतं.

मालती तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने ऐकलं. मी चार रविवार त्या ओट्यावर बसून काय काय ऐकलं ते मीच तिला तेव्हा कौतुकाने सांगितलं होतं, दम सरल्याची गोष्टसुद्धा. मधल्या काळात तिने माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःची समजूत घातली असावी की ह्यांनी चौकशी केली असेल, धून जुनीच निघाली असेल. त्या क्षणी तिला सगळं कळलं. तिने ट्रे टेबलावर ठेवला. चौघांनी चहा घेतला नाही. मास्तर उठताना म्हणाला, “चल रे हसुराम, साहेबांचा टाईम घेऊ नको.” हसुरामदादा जाताना मला नमस्कार करून गेले. रागाने नव्हे. रीत म्हणून.

मालतीने चहा मोरीत ओतला आणि कप धुतले. मला वाटलं ती काहीतरी विचारेल. ती विचारेल म्हणून मी उत्तरं तयार करत बसलो. तिने त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही नाही. महिनाभराने एवढंच म्हणाली, “मला त्या शाळेत जायला नको वाटतं.” पुढच्या जूनला तिने बदली करून घेतली. चौथीच्या मुली तिला फार आवडायच्या. आमचं बोलणं बंद झालं असं नाही. भाजी, पाहुणे, लाईटबिल, सोसायटीची मीटिंग — सगळं बोलायचो. पण रेडिओवर ‘खाडी’ लागली की ती उठून गॅलरीत जायची.

मी माफी मागायला जायचं ठरवलं. खूपदा ठरवलं. पाच वर्षं ठरवत राहिलो. मग एकदा दुपारी सानपाड्याला एका ओळखीच्या माणसाचा नवा फ्लॅट बघायला गेलो होतो. तिथे इमारतींची कामं चालू होती. गेटवर वॉचमनच्या खुर्चीत हसुरामदादा बसलेले. खांदे खाली आलेले, डोळ्याला जाड भिंगांचा चष्मा. मला ओळखलं. उठायला लागले, मी उठू दिलं नाही. विटांच्या थप्पीवर मी बसलो.

आम्ही बोललो. कारखाना सुटला म्हणाले, छातीला त्रास होतो. सुमनचंही लग्न झालं. मी विचारलं, क्लॅरिनेट? “दिलं,” म्हणाले. कोणाला दिलं, ते मी विचारलं नाही.

मी सांगणार होतो. शब्द जुळवत होतो. खरंच जुळवत होतो, पण याचा आता पुरावा काय? तेवढ्यात तेच म्हणाले —

“सायेब, तुमी त्या दिवशी बोल्लात ना, ते खरंच असंल. मी लय इचार केला. मना वाटत व्हतं मीच बसवली. पन मानूस काय, इसरतो. कुटंतरी ऐकली असंल. उगाच मी मास्तरशी भांडलो.”

ते जमिनीकडे बघत होते, नेहमीसारखे. मला समजून घेत होते. माझी अडचण दूर करत होते म्हणा ना. तीन महिने खपून, दम सरेपर्यंत वाजवून, पोरीसाठी जे केलं, ते आपण केलं की नाही हेच त्यांना आता कळत नव्हतं. लोकांच्या तोंडून त्यांचं नाव गेलं तेवढ्यावर ते भागलं नव्हतं. ती धून मी त्यांच्या आतूनही काढून घेतली होती.

एक वाक्य पुरलं असतं. “नाही दादा, तुम्हीच बसवलीत.” मोजून चार शब्द. मी म्हणालो, “तब्येतीला जपा.” आणि फ्लॅट बघायला वर गेलो.

दोन-अडीच वर्षांनी ते गेले. मला उशिरा कळलं. मेंडिस सर त्याच्याही आधी गेले होते. त्यामुळे ज्या भीतीपोटी मी त्या रविवारी खोटं बोललो ती भीतीही संपलेली होती. आता खरं सांगायला कसलीच आडकाठी नव्हती. तरी मी गप्प राहिलो. मग ती भीती खरी होती की नुसतं निमित्त होतं?

एवढ्यावर संपलं असतं तर मी कदाचित आज बोललो नसतो. पण एक दिवस यमुना आली.

मी ओळखलं नाही. अंगाने भरलेली, मोठं कुंकू, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. मोऱ्याला दिली होती तिला, उरणच्या बाजूला. तिकडच्या शाळेत तिची मुलगी जाते, तिथे गॅदरिंगला मुलींनी रेडिओवरची ती धून बसवली, असं सांगत होती. वडिलांची आठवण आली म्हणून भेटायला आली होती. मालती घरात होती. तिने दार उघडलं, यमुनेला बसवलं, पाणी दिलं आणि आत गेली.

यमुना म्हणाली, “बाबा शेवटपरेंत तुमचं नाव काडायचे. म्हनायचे, भाऊंनी आपल्या गावचं गानं जपलं, नायतर कोन इचारतंय.” मग थोडी घुटमळली. “मना आदी वाटायचं, बाबांनी ते माज्या लग्नासाठी बसवलं व्हतं. तेच म्हनायचे तसं. मंग मागाहून म्हनाले, नाय ग, जुनंच हाय ते, मीच इसरलो.” आणि ती हसली. बापासारखाच तोंडावर हात धरून.

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला. मालती ऐकत होती, हे मला कळलं.

“तुमी शिकलेले हाव,” यमुना म्हणाली. “किती जुनं असंल ओ ते?”

ती माझ्याकडे बघत होती. वेळ भरपूर होता. मी नारळावरची शेंडी बघत राहिलो.

“खूप जुनं आहे,” मी म्हणालो.

ती उठली, पदर सारखा केला आणि माझ्या पायांना हात लावून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिच्या लग्नाला त्या वर्षी अकरा वर्षं झाली होती.